शेततळ्यावरचे पाणकावळे

तासगाव भागात द्राक्षबागेसाठी तळं खोदलं, त्यात रोहू-कटला मासे सोडले. महिन्याभरात ते खायला पाणकावळे हजर! शेजारी म्हणाला, छर्रा मार. नाही हो, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. नुकसान फारच झालं तर वनविभागाकडे अर्ज करायचा. मारायची परवानगी लेखी आल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही.

मी काय केलं ते सांगतो. बोटुकली (माशांची पिल्लं) सोडायची ती वीतभर झाल्यावरच. लहान पाणकावळ्याला ती सहज गिळवत नाही. मग तळ्यावर आडव्या-उभ्या नायलॉन दोऱ्या, हात-दीड हात अंतरानं. खुंट्या तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिक कागदाच्या कडेबाहेर ठोका, नाहीतर कागद फाटतो (माझा फाटला, पाणी गेलं ते वेगळंच). पाणकावळ्याला उडायला पाण्यावर धावावं लागतं. दोऱ्या आडव्या आल्या की तो उतरायलाच कचरतो. बागेची जुनी जाळी वापरत असाल तर ताणून बांधा, सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. दोऱ्या आठवड्याला तपासा.

बगळा काठावरून मारतो, म्हणून कडेचं पाणी उथळ ठेवू नका. बुजगावण्याची जागा रोज बदलायची. माझ्या बुजगावण्याच्या डोक्यावर तिसऱ्या दिवशी खंड्या बसला होता.