घरातलं वायरिंग बदललं, पण महावितरणला कळवलं कोणी? या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात नाशिकमध्येच, इंदिरानगरला मावशीकडे गेलो होतो. दुपारी एसी सुरू झाला की हॉलमधला दिवा क्षणभर मंद व्हायचा. मावशी म्हणाली, "अरे, कॉम्प्रेसर नवा आहे, खेचतो जरा." मी वायरिंगच्या कामातलाच, त्यामुळे मला राहवेना. मीटरनंतरच्या मेन स्विचची पेटी उघडली. न्यूट्रलच्या काळ्या वायरचं टोक चॉकलेटी होऊन कडक झालं होतं आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता.

मग वीजबिल मागवलं. मंजूर भार, म्हणजे महावितरणने त्या घराला एका वेळी वापरायला मंजूर केलेली वीज, फक्त १ किलोवॅट! घरात दीड टनाचे दोन एसी, २ किलोवॅटचा गिझर, वर इंडक्शन शेगडी. सगळं एकदम चाललं तर सात किलोवॅटच्या घरात, म्हणजे २३० व्होल्टला ३० अँपिअर. तीन वर्षांपूर्वी घराचं सगळं वायरिंग नवं झालं होतं. "वायरमनने कळवलं असेल ना ऑफिसला," मावशी म्हणाली. वायरमनला फोन लावला तर तो म्हणाला, "भाऊ, ते घरवाल्यांचं काम. मला वाटलं त्यांनी अर्ज दिला असेल." दोघंही खरं बोलत होते, आणि तीन वर्षं कोणीच कळवलं नव्हतं.

ही चूक मला नाशिकमध्ये सगळ्यात जास्त दिसते, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो. भार वाढवण्याचा, नाव बदलण्याचा, वापराचा प्रकार बदलण्याचा अर्ज ग्राहकाचा असतो. बिलावर ज्याचं नाव, त्याने तो करायचा. काम केल्याचा टेस्ट रिपोर्ट सही-शिक्क्यानिशी देणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम. आणि नव्या किंवा वाढीव पुरवठ्याचा अर्ज आला की पुरवठा देण्याआधीची तपासणी महावितरणची. ठेकेदार तुमच्या वतीने कागद नेऊन देत असेल तर देऊ द्या, पण अर्जाची पोच तुमच्या हातात हवी. पोच नाही म्हणजे कळवलेलं नाही, असंच धरून चाला.

दुसरी चूक म्हणजे "ओळखीचा पोरगा आहे, हात चांगला आहे" म्हणून त्याच्याकडून अख्खं घर वायर करून घेणं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे नवं वायरिंग, त्यात भर, बदल किंवा दुरुस्ती ही कामं राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायची असतात. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलणं यातून वगळलेलं आहे. मात्र स्विचच्या जागी एसीचा पॉइंट काढला की ते साधं बदलणं राहत नाही. त्या पोराचा हात खरंच चांगला असेल, पण टेस्ट रिपोर्टवर सही करायचा अधिकार त्याला नाही, आणि पुढे भार वाढवायला गेलात की तिथेच अडतं. काम ठरवण्यापूर्वी परवान्याची प्रत मागा. त्यावरची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

पंचवटी, भद्रकाली, जुनं नाशिक इथल्या वाड्यांमध्ये वेगळंच दुखणं असतं. बिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, चार भावांत वाटण्या झाल्या, आणि एका मीटरवर तीन स्वयंपाकघरं. आता अर्ज कोण करणार? इथे आधी नावबदल, मग भारवाढ किंवा वेगळं मीटर, हाच क्रम ठेवा. आधी वायर ओढून ठेवायची आणि कागद "नंतर बघू" म्हणायचं, हे करू नका. भाडेकरू असाल आणि भार वाढवायचा असेल तर घरमालकाला लेखी सांगा, व्हॉट्सअॅपवर का होईना.

सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे गोदाकाठच्या गल्ल्यांमध्ये खोल्यांना गिझर आणि एसी लागताहेत, तळमजल्यावर गाळे निघताहेत. राहत्या घराच्या मीटरवर दुकान किंवा दुसरा व्यवसाय सुरू करण्याआधी महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी विचारा की दर कोणता लागेल. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाऐवजी दुसऱ्याच कारणासाठी वीज वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो. आकारणी दुप्पट दराने होते, आणि कधीपासून चालू आहे ते कळत नसेल तर मागचे बारा महिने धरले जातात.

एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, सारखा पडतो म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवणाऱ्यांवर मला मनापासून राग येतो. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. वायर तीच जुनी, बारीक ठेवून एमसीबी मोठा केला की तो पडायचा थांबतो आणि त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापते. एमसीबी पडतोय म्हणजे भार जास्त आहे किंवा कुठेतरी दोष आहे, तो शोधा. सोबत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग आहे का बघा. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं.

मीटरचं सील तुटलं, मीटर हलवायचं आहे, खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर लोंबतेय, तर स्वतः हात लावू नका, वायरमनलाही लावू देऊ नका. मीटरपर्यंतचं सगळं महावितरणचं. १९१२ ला फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

सोसायटीत लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांची जबाबदारी कमिटीची. इमारत १५ मीटरपेक्षा उंच असेल तर विद्युत निरीक्षकाचाही (विजेच्या सुरक्षेची तपासणी करणारा सरकारी अधिकारी) संबंध येतो. त्याला आगाऊ लेखी सूचना द्यायची असते ती मालकाने किंवा भोगवटादाराने.

आणि शॉक लागून कोणी जखमी झालं, तर आधी मेन बंद करा, दवाखाना गाठा आणि लगेच महावितरणला कळवा. घाबरून त्याच संध्याकाळी बोर्ड बदलून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. अशा अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाकडे जाते. जागा होती तशी राहिली तरच दोष कुठे होता ते कळतं.

मावशीचा भार आता ८ किलोवॅट आहे. पेटीच्या दाराला आतून एक प्लॅस्टिकचं पाकीट चिकटवलंय. त्यात टेस्ट रिपोर्टची प्रत, अर्जाची पोच आणि ठेकेदाराचा परवाना क्रमांक. एसी सुरू झाला की हॉलमधल्या दिव्याकडे ती अजूनही मान वर करून बघते.