घोड्याची चाल हवी तशी मिळवायची, तर जोडी कशी निवडावी

चालीचा सर्वांत ठळक जनुकीय धागा आहे डीएमआरटी३. पाठीच्या कण्यातल्या, पायांचा मेळ घालणाऱ्या चेतापेशींमध्ये हे जनुक काम करतं. त्यातल्या एका बदलामुळे प्रथिन अर्धवट राहतं आणि घोड्याला एका बाजूचे दोन्ही पाय जोडीने टाकणं सोपं जातं. हा शोध २०१२ साली प्रसिद्ध झाला.

आधी नर-मादी दोघांची चाचणी करा. आयाळीचे किंवा शेपटीचे २० ते ३० केस मुळासकट उपटून कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. कापलेले केस चालत नाहीत, कारण डीएनए मुळाशी असतो.

प्रत्येक घोड्यात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. बदललेली प्रत 'ए', मूळ 'सी'. एए आणि सीसी जुळवले, तर सगळी शिंगरं सीए. दोन सीए जुळवले, तर प्रत्येक शिंगरू एए असण्याची शक्यता २५ टक्के.

आइसलँडिक घोड्यांत टॉल्टसोबत (चार ठेक्यांची, धक्के न देणारी चाल) पेसही (एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र टाकायची चाल) हवा असेल, तर एए लागतोच म्हणा. पण एएची दुडकी (तिरकस जोडीने पाय टाकायची चाल, ट्रॉट) आणि कँटर (तीन ठेक्यांची धाव) सहसा कमकुवत पडतात. म्हणून पेस नसलेल्या, चार चालींच्या स्वारीसाठी सीए घोडा अनेकदा जास्त समतोल ठरतो; सगळा कळप एए करायची घाई नको.

निकाल म्हणजे हमी नव्हे. अमेरिकन स्टँडर्डब्रेडमध्ये (गाडीच्या शर्यतींची घोड्यांची जात) दुडकीचे आणि पेसचे घोडे दोन्ही बहुतांश एएच असतात. त्यामुळे आई-वडील आणि भावंडं मोकळी धावताना नक्की पाहा.