वेचणीच्या हंगामात माहितीपटाचं शूटिंग

विदर्भातल्या कापसावर माहितीपट करायचा तर वेळापत्रक पऱ्हाटीच (कपाशीचं झाड) ठरवते. पेरणी जूनच्या पावसावर, मग डवरणी (डवऱ्याने तण काढणं), श्रावणी अमावस्येला पोळा आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला पहिला वेचा. वावरातली (शेतातली) सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, याच वेळी होते. ती चित्रित करायची असेल तर आठ दिवस आधीच गावात मुक्कामाला जा, कारण हुकली की थेट पुढच्या वर्षी.

वेचणारीला मजुरी किलोमागे मिळते. मुलाखतीसाठी तिला २० मिनिटं थांबवलं, तर तेवढे पैसे तिच्या पदरातून जातात. म्हणून काम चालू असताना फक्त काम टिपा. बोलायचं ते दुपारी भाकर सोडल्यावर किंवा संध्याकाळी काटा (कापसाचं वजन) झाल्यावर. वावराच्या मालकाने ‘घ्या शूटिंग’ म्हटलं म्हणजे बायांची संमती मिळाली असं नाही. प्रत्येकीला वेगळं विचारा आणि तिचा होकार कॅमेऱ्यावर नोंदवा. मजुरीच्या दराचा प्रश्न मालक धुऱ्यावर (बांधावर) उभा असताना विचारूच नका. खरं उत्तर येत नाही, आणि आलं तर दुसऱ्या दिवशी तिचं काम जाऊ शकतं.

सगळ्यात जास्त फुटेज वाया जातं ते आवाजापायी. वेचताना बाया लुगड्यावर पुरुषी शर्ट घालतात. कॉलर माइक त्या शर्टाच्या आत, हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावा. दोन्ही बाजूंनी मेडिकल टेप चिकटवा आणि वायरीचा छोटा वेढा सोडा, म्हणजे वाकताना ओढ बसत नाही. पोत किंवा मंगळसूत्र माइकवर आपटत असेल तर माइक बाजूला सरकवा. पोत काढायला सांगू नका. जानेवारीत पऱ्हाटी वाळते, बोंडांची टोकं शर्टाला घासतात आणि खरखर सगळ्या वाक्यांवर चढते. तेव्हा कॉलर माइक सोडून द्या आणि शेजारच्या तासातून (ओळीतून) बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, धरा, वर केसाळ वारारोधक चढवून. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. निघण्याआधी नुसत्या वावराचा एक मिनिट आवाज घ्या. संकलनात दोन वाक्यांमधली फट त्यानेच भरते.

दुपारच्या उन्हात पांढरा कापूस पाहून ऑटो एक्स्पोजर चेहरा काळवंडून टाकतं. एक्स्पोजर हाताने, चेहऱ्यावर ठेवा. व्हाइट बॅलन्स ५६०० केल्व्हिनवर पक्का करा. माणसाला कापसाच्या गंजीजवळ बसवलं तर गंजीवरून परतणारा उजेड रिफ्लेक्टरचं काम करतो. घरात ट्यूबलाइट असेल तर २५ फ्रेमला शटर १/५०, नाहीतर चित्र लुकलुकतं.

सेकंदाला १०० मेगाबिटवर चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सव्वा तासाचं धरा. वीज रात्री येईलच असं धरून चालू नका. दिवसा जिथे मिळेल तिथे बॅटऱ्या चार्ज करा. रोज दोन वेगळ्या डिस्कवर प्रत होईपर्यंत कार्ड पुसू नका.

जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, लेन्स बदलू नका. हवेत तरंगणारी रुई थेट सेन्सरवर बसते. तापणारे दिवे तिथे आगीला आमंत्रण. फक्त एलईडी वापरा.

मुलाखती त्याच आठवड्यात गावातल्याच कुणाला सोबत बसवून उतरवून काढा. ‘वावर’चं ‘शेत’ करू नका. उपशीर्षकं मराठीत देत असाल तर वऱ्हाडी बोलणं जसंच्या तसं लिहा.