पोहायला जाणाऱ्या बाळासाठी कापडी स्विम डायपर घरी कसा शिवावा

कापड कापायच्या आधी एक गैरसमज दूर करू. स्विम डायपर शू शोषण्यासाठी नसतो. तो शोषू लागला तर पाण्यात उतरताच तलावातलं पाणीच पिऊन फुगेल आणि जड होऊन कमरेवरून घसरेल. नेहमीच्या वापरून फेकायच्या डायपरचं पाण्यात नेमकं हेच होतं. स्विम डायपरचं काम एकच, शी आत अडवणं. शू पाण्यात जाणारच. म्हणून आत टॉवेलचं कापड, फ्लॅनेल, सुती घड्या असलं काहीही घालायचं नाही. सगळी मेहनत मांड्यांपाशी आणि कमरेपाशी तो नीट बसण्यावर घ्यायची.

काय लागेल

बाहेरून स्विमसूटचं ताणलं जाणारं नायलॉन-लायक्रा कापड आणि आतून बारीक जाळीचं मऊ पॉलिएस्टर, खेळाच्या टीशर्टला असतं तसं. जुना स्विमसूट कापणार असाल तर आधी ताणून बघा. क्लोरिनने लायक्रा मेलेली असेल तर कापड परत जागेवर येत नाही. जलरोधक पीयूएल, म्हणजे मागे प्लॅस्टिकसारखा थर असलेलं कापड पुष्कळ जण सुचवतात. माझ्या मते इथे ते नको, कारण त्यात पाणी साठून राहतं.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती दोरा ताणात तुटतो. ६ मिमी रुंदीचं, क्लोरिनला टिकणारं स्विमवेअरचं इलॅस्टिक, ११ नंबरची बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच सुई आणि प्लॅस्टिकची टिचबटणं एवढं पुरे. साध्या टोकदार सुईने अशा कापडावर टाके सुटतात.

माप आणि बेतणं

तीन मापं घ्या: नाभीखाली दोन बोटं सोडून कंबर, मांडीचा सर्वांत जाड भाग, आणि पुढच्या कमरेपासून दोन पायांमधून मागच्या कमरेपर्यंतची लांबी. बाळाला बसलेलं असताना मापू नका, आडवं ठेवून मापा.

कागद उभा दुमडून अर्धा आकार काढा. पुढची मापं कागद उलगडल्यावरची आहेत. पुढची रुंदी कमरेच्या निम्मी. मागची रुंदी तेवढीच, शिवाय दोन्ही बाजूंना ५-५ सेंमीचे पंख, जे पुढे येऊन टिचबटणांनी बसतील. पायांमधला भाग १३ सेंमीच्या आसपास. फार रुंद झाला की मांडीत चोळामोळा होतो. चहूबाजूंनी १ सेंमी माया, म्हणजे शिलाईसाठी जादा कापड, सोडा. आकार काढणं जड जात असेल तर बाळाला नीट बसणारा एखादा कापडी डायपर कागदावर ठेवून गिरवा, हे सर्वांत सोपं. कापड ठेवताना त्याचा जास्त ताण कमरेभोवती येईल असं ठेवा.

शिवण

१. जिथे टिचबटणं लागणार तिथे, म्हणजे पंखांवर आणि पुढच्या कमरेवर, अस्तराच्या उलट बाजूला न ताणणाऱ्या घट्ट कापडाचे तुकडे शिवा. हे टाळलंत तर बटण उघडताना लायक्रा फाटते.

२. दोन्ही कापडं सुलट बाजू आत करून जुळवा. टाचण्यांऐवजी क्लिपा बऱ्या. बारीक झिगझॅग टाक्याने सगळीकडून शिवा, पुढच्या कमरेशी ८ सेंमी जागा उघडी ठेवा. मशीनला झिगझॅग नसेल तर सरळ टाका चालेल, फक्त शिवताना कापड किंचित ताणून धरा.

३. आता खरी कसोटी. इलॅस्टिक पायाच्या वळणाच्या लांबीच्या तीन चतुर्थांश कापा. एक टोक मायेवर मागेपुढे टाके घालून पक्कं करा, दुसरं टोक वळणाच्या शेवटी पक्कं करा, मग मधलं ताणत रुंद झिगझॅगने मायेवरच शिवत जा. इलॅस्टिक ओढायचं, कापड नाही. मागच्या कमरेलाही असंच.

४. कोपऱ्यांची माया छाटून डायपर सुलटा करा. उघडी जागा बंद करा आणि काठापासून १.२ सेंमीवर वरून एक शिलाई फिरवा, म्हणजे इलॅस्टिक आत पीळ खात नाही.

५. प्रत्येक पंखावर वरखाली दोन टिचबटणं लावा. एकच लावलं तर पंख फिरतो. पुढे जोडीदार बटणांच्या दोन-तीन रांगा ठेवल्या तर बाळ वाढलं तरी काम भागतं. बाजूने उघडणारा डायपरच हवा, नाहीतर भरलेला डायपर पायांवरून ओढताना सगळे पाय माखतात.

पारख

डायपर बादलीत बुडवून उचला. पाणी लगेच गळून जायला हवं. मग बाळाला घालून मांडीपाशी बोट घाला: एक बोट जेमतेम शिरावं, आणि बाळाने पाय उचलला तरी फट दिसू नये. काढल्यावर लाल वळ बराच वेळ राहिले तर इलॅस्टिक सैल करा.

एवढं करूनही कुठलाच स्विम डायपर जंतू अडवत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी नीट क्लोरिन घातलेल्या पाण्यातही ७ दिवसांहून जास्त टिकतो. त्यामुळे जुलाब होत असलेल्या बाळाला पाण्यात नेऊच नये. एरवी तासातासाला डायपर तपासा आणि बदलायचा तर तलावाच्या काठापासून लांब.

घरी आल्यावर शी संडासात झटकून डायपर साध्या पावडरने धुवा. कापड मऊ करणारं द्रव आणि इस्त्री दोन्ही टाळा, सावलीत वाळवा. पायाचं इलॅस्टिक ताणून सोडल्यावर सुस्त वाटू लागलं की तो डायपर पाण्यासाठी बाद समजा.