गूगल अकाउंटमधून मोबाइल नंबर कसा काढायचा, तेही बाहेर अडकून न पडता

सिक्युरिटीसाठी दिलेला नंबर सिक्युरिटीपुरताच वापरला जातो हा समज आधी डोक्यातून काढा. ट्विटरने असेच घेतलेले नंबर जाहिरातींसाठी वापरले आणि त्यासाठी २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलर दंड भरला. २०२१ मध्ये फेसबुकच्या ५० कोटींहून जास्त लोकांचे नंबर इंटरनेटवर फुकट पडलेले सापडले. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, नंबर कसा बदलणार, बँक, आधार, गॅस, मुलांच्या शाळेचा ग्रुप सगळं त्यालाच जोडलेलं.

"मग ओटीपीसाठी वेगळं सिम घ्या" असं सांगणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. सिम ९० दिवस वापरलं नाही की कंपनी ते बंद करू शकते आणि नंतर तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. माझ्या आईचा जुना नंबर असाच गेला, त्यावर फोन केला तर कुणी अनोळखी बाई बोलल्या. तो नंबर एखाद्या अकाउंटला राहिला असता तर ओटीपी त्यांच्याकडे गेले असते.

आता कामाचं.

१. फोनवर ऑथेंटिकेटर अॅप (लॉगिनसाठी कोड बनवणारं अॅप) घ्या, गूगलचं चालेल, अँड्रॉइडवर एजिस पण छान आहे. कॉम्प्युटरवर गूगल अकाउंट, सिक्युरिटी, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय), ऑथेंटिकेटर असं जाऊन क्यूआर स्कॅन करा. दर ३० सेकंदांनी बदलणारा ६ आकडी कोड दिसेल, त्याला रेंज लागत नाही. फोनची वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा, नाहीतर कोड चुकीचे येतात.

२. बॅकअप कोड, म्हणजे अॅप हाताशी नसताना लॉगिनला चालणारे राखीव कोड. सगळे घोळ इथे होतात आणि बहुतेक ठिकाणी हे एका ओळीत उरकलेलं असतं. मलाही हे नीट कळायला बराच वेळ लागला. ऑथेंटिकेटरचे कोड गूगल अकाउंटमध्ये सिंक होतात म्हणून लोक निर्धास्त असतात, पण फोन हरवला आणि नवीन फोनवर लॉगिन करायला गेलात की गूगल कोड मागणार, कोड अॅपमध्ये, आणि अॅपचा बॅकअप त्याच अकाउंटच्या आत. किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेतल्यासारखं! नंबर असतो तोवर एसएमएस येतो म्हणून हे जाणवत नाही, नंबर काढला की अडकता.

म्हणून बॅकअप कोड काढाच. ८ आकडी १० कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहा. स्क्रीनशॉट नको, तो गूगल फोटोजमध्ये जाऊ शकतो म्हणजे पुन्हा त्याच अकाउंटात. स्वतःला व्हॉट्सअॅप पण नको. आमच्याकडे तो कागद रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये असतो, वर तारीख घालून, कारण नवीन कोड काढले की जुने सगळे रद्द होतात आणि मग घरात दोन कागद असले की कुठला खरा तेच कळत नाही. दुसरी प्रत घराबाहेर, भावाकडे.

रिकव्हरी ईमेल (अकाउंट परत मिळवायला दिलेला दुसरा ईमेल) चालू आहे ना तेही बघा, कॉलेजचा किंवा जुन्या ऑफिसचा आयडी असेल तर आत्ताच बदला.

३. कॉम्प्युटरवरचं लॉगिन तसंच चालू ठेवून इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरची खाजगी विंडो) एकदा अॅपच्या कोडने आणि एकदा कागदावरच्या कोडने आत जाऊन बघा. वापरलेला कोड खोडा. दोन्ही चाललं तरच पुढे.

४. आता नंबर काढा. तो एका जागी नसतो: टू-स्टेपमध्ये, रिकव्हरी फोनमध्ये आणि पर्सनल इन्फोमध्ये. एकाच ठिकाणचा काढून लोक खूश होतात पण रिकव्हरीत राहिलेल्या नंबरवर एसएमएस जाऊ शकतो, मग तुमचं डुप्लिकेट सिम काढणाऱ्यासाठी ती वाट उघडीच राहते. तिन्ही ठिकाणं बघा.

५. गूगलशिवाय टेलिग्राम वापरत असाल तर त्याला नंबर लागतोच, पण प्रायव्हसीत जाऊन तो कुणाला दिसेल तिथे 'नोबडी' करा.

बँक आणि यूपीआयला नंबर द्यावाच लागतो, तिथे वाद नाही. त्या सिमला मात्र सिम लॉक लावा, म्हणजे चोराने सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं तरी पिनशिवाय ओटीपी वाचता येणार नाहीत. लावताना आधीचा पिन विचारतात, तो कंपनीकडून माहीत करून घ्या, अंदाजाने टाकत बसू नका, तीनदा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा वेगळा कोड) मागतं.