कोकण किनाऱ्यावरचा सूर्यास्त: पाहावा कसा आणि टिपावा कसा

महाराष्ट्राची आणि गोव्याची किनारपट्टी पश्चिमाभिमुख असल्यामुळे डहाणूपासून पाळोळ्यापर्यंत बहुतेक पुळणींवरून सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. संध्याकाळी गर्दी जमते, बिंब पाण्याला टेकते, सगळ्यांचे मोबाइल वर होतात आणि बिंब दिसेनासे होताच लोक गाड्यांकडे वळतात. माझ्या मते संध्याकाळचा उत्तम भाग त्यांनी तिथेच सोडलेला असतो. बिंब हा त्या देखाव्याचा लहानसा अंश आहे. संध्याकाळ कशी दिसणार हे पाण्याची पातळी, वाळूचा ओलेपणा आणि आकाशातले ढग ठरवतात, आणि यांपैकी बऱ्याच गोष्टींचा अंदाज घरून निघण्यापूर्वी बांधता येतो.

सर्वांत आधी तिथी पाहावी. किनाऱ्यावरच्या गावांत भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब आहे: तिथीला तीनने गुणून चाराने भागले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला उत्तर सहा येते, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते. पौर्णिमा आणि अमावास्या या पंधराव्या तिथी, त्यांना सव्वाअकरा येतात, म्हणजे भरती दुपारी बाराच्या आत होऊन जाते आणि सूर्यास्ताच्या आसपास ओहोटी असते. हा हिशोब छायाचित्रकारासाठी फार मोलाचा आहे. पौर्णिमा, अमावास्या आणि त्यांच्या दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा या संध्याकाळी समुद्र दूरवर मागे हटलेला असतो, उघडी पडलेली वाळू अजून ओली असते आणि त्या पातळ ओलाव्यात सबंध आकाश उलटे उतरते. अष्टमी-नवमीला मात्र पाणी वरपर्यंत आलेले असते, पुळण अरुंद होते आणि लाटा कातळावर फुटतात, म्हणून त्या दिवशी वाळूऐवजी खडकाळ टोक गाठणे चांगले. एकादशी ते त्रयोदशी या दिवसांत सूर्यास्ताच्या वेळी पाणी चढत असते. अशा संध्याकाळी ओहोटीत उघड्या पडलेल्या कातळावर पुढे जाऊन बसू नये, कारण परतीची वाट मागून पाण्याखाली जाते आणि कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या माणसाला ते कळत नाही. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून पडताळावी आणि गावातल्या मच्छीमाराला विचारावे. खाडीच्या मुखाशी वाळू कुठे खचते हेही त्यालाच ठाऊक असते.

जागा निवडताना महिना लक्षात घ्यावा. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास सूर्य ठीक पश्चिमेला मावळतो. डिसेंबरात तो कोकणातून पाहता सुमारे २५ अंश दक्षिणेकडे आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणून पुळणीच्या दक्षिण टोकाला डोंगर समुद्रात घुसलेला असेल, तर डिसेंबरात बिंब त्याच्याआड जाण्याची शक्यता असते आणि मे महिन्यात तीच जागा मोकळी मिळते. मोबाइलमधल्या होकायंत्राने हे दिवसाच तपासून ठेवता येते. उंचावरून पाहायचे असेल तर रत्नागिरीचा रत्नदुर्ग मला विशेष आवडतो, कारण त्याच्या तीन बाजूंना समुद्र असल्याने वर्षभरात सूर्य कुठेही सरकला तरी पाणी समोर राहते. आरे-वारेच्या घाटरस्त्यावरून खालच्या पुळणींची वळणे चित्रात घेता येतात. हर्णैला बिंबासाठी जाण्यापेक्षा बंदरातल्या होड्या आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग यांच्या काळ्या आकृतींसाठी जावे.

आकाशाचे म्हणाल तर पाऊस सरल्यानंतरचे आठवडे सर्वांत उदार असतात. हवा धुतलेली असते, ढग पूर्ण गेलेले नसतात आणि उंचावरचे विरळ ढग खालून येणारा प्रकाश झेलतात. ऐन हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात क्षितिजावर धुरकट पट्टी साचते, त्यामुळे बिंब पाण्याला टेकण्यापूर्वीच तिच्यात विरघळून जाते. अशा दिवशी ठरलेल्या वेळेच्या बरेच आधी चित्र घ्यावे लागते. जून-जुलैमध्ये दर्या खवळलेला असतो आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने पाण्यावर होड्याही नसतात. ढग फाटून मिळालेला प्रकाश त्या दिवसांत विलक्षण असतो, पण तो सुरूच्या बनातून किंवा उंच रस्त्यावरून पाहावा, पाण्याजवळ जाऊन नव्हे.

नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास मावळतो. त्याआधी तासभर किनाऱ्यावर असावे. हात लांब करून मूठ क्षितिजावर धरली तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते, आणि सूर्य तितका खाली यायला आपल्याकडे पाऊण तासाहून थोडा कमी वेळ लागतो. पहिली काही मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. लाटा कुठवर येतात, ओली वाळू कुठे चकाकते, होड्या कोणत्या बाजूने परततात हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकट सुचत नाही. सूर्य प्रखर असताना त्याच्याकडे टक लावून पाहू नये आणि डीएसएलआरच्या काचेच्या दर्शकातून, विशेषतः लांब पल्ल्याची लेन्स लावून, तर मुळीच पाहू नये; मागच्या पडद्यावर चौकट जुळवावी.

मोबाइलवर चित्र घेताना बिंबाशेजारच्या उजळ आकाशावर बोट दाबून धरावे, म्हणजे फोकस आणि प्रकाशमापन तिथे बांधले जाते. मग बोट खाली सरकवून चित्र जरा गडद करावे. आकाशाचा रंग यानेच टिकतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचा समतोल, ऑटोवर ठेवल्यास कॅमेरा संध्याकाळचा तांबूसपणा दोष समजून काढून टाकतो, म्हणून तो डेलाइट किंवा क्लाउडीवर ठेवावा. कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८ ते एफ/११ आणि रॉ फाइल (प्रक्रिया न केलेले मूळ चित्र) ही सुरुवातीची मांडणी पुरेशी आहे. फुटणारी लाट गोठवायची तर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद शटर लागते. लाट माघारी जाताना वाळूवर ओढल्या जाणाऱ्या फेसाच्या रेघा हव्या असतील तर शटर अर्धा ते एक सेकंद ठेवून, पाणी परत फिरताच बटण दाबावे. तिवईचे पाय आधी वाळूत नीट रुतवून घ्यावेत, कारण प्रत्येक लाट त्यांच्याखालची वाळू उकरून नेते आणि चित्र हलते.

चित्रात बिंब टिकलीएवढे का येते, असे पुष्कळ जण विचारतात. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो आणि फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्याचा व्यास लेन्सच्या फोकल लांबीच्या सुमारे शंभराव्या भागाइतका पडतो: २४ मिलिमीटरच्या लेन्सवर पाव मिलिमीटर, ३०० च्या लेन्सवर जवळजवळ ३. मोबाइलची मुख्य लेन्स बहुधा पहिल्या जातीची असते. तेव्हा मोबाइलवाल्याने बिंबामागे न लागता माड, होडी, पाणवठ्यावरची माणसे यांना चौकटीत मोठे स्थान द्यावे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर दोर धरलेल्या ओणव्या आकृती अप्रतिम दिसतात, मात्र ती त्यांच्या कष्टाची वेळ असते. आधी विचारावे आणि दोराच्या वाटेत उभे राहू नये.

बिंबाची कड पाण्याला टेकल्यापासून ते पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे साधारण सव्वादोन मिनिटे लागतात. वातावरणातून वाकून येणाऱ्या किरणांमुळे ते खालून चपटे दिसते. खरे पाहता टेकलेले दिसते त्या क्षणी ते क्षितिजाखाली गेलेलेच असते. त्यानंतर थांबायचे असते. ढगांच्या तळाला रंग बहुधा यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत चढतो. त्याच वेळी पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावे: सह्याद्रीच्या बाजूला करड्या निळ्या रंगाचा पट्टा वर येताना दिसतो, ती पृथ्वीची सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टी असते. पौर्णिमा असेल तर याच सुमारास त्या बाजूला चंद्र उगवतो. शुक्ल द्वितीया-तृतीयेला त्याची कोर पश्चिमेलाच मिळते. आपल्या अक्षांशांवर संधिप्रकाश लवकर ओसरतो, म्हणून आयएसओ ४०० ते ८०० पर्यंत नेऊन ही चित्रे भराभर घ्यावीत.

घरी आल्यावर रंग वाढवण्याचा मोह आवरावा. केशरी रंग जरा ताणला की बिंबाभोवतीच्या छटांचे पट्टे पडतात. क्षितिज तेवढे सरळ करून घ्यावे. लेन्सवरची वाळू आधी फुंकणीने उडवावी आणि मगच मऊ कापडाने खारा थर पुसावा, कॅमेऱ्यावरून किंचित ओले कापड फिरवावे आणि तिवईचे पाय उघडून गोड्या पाण्याने धुऊन सुकत ठेवावेत.