भंडारदऱ्याला निघताय? आधी पाणी किती आहे ते विचारा

धरणात पाणी किती आहे हे कळल्याशिवाय भंडारदऱ्याचं बुकिंग करू नका. रजा, गाडी, तंबू, सगळं त्यानंतर. दोन दिवस मुंबईच्या गोंगाटातून सुटका, तळ्याकाठची शांतता, सकाळी बोटीतून फेरी असं ठरवून आपण निघतो, आणि फोटोत दिसलेलं पाणी बारा महिने तिथेच असणार असं गृहीत धरतो. ते तसं नसतं. ज्याला आपण आर्थर लेक म्हणतो तो प्रवरा नदीवरच्या विल्सन धरणाचा जलाशय आहे. १९१० साली धरणाचं काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं, आणि ते बांधलं खालच्या शेतीसाठी. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडची पिकं त्या पाण्यावर उभी राहतात. पावसाळ्यात साठवायचं आणि मग आवर्तनांनी, म्हणजे शेतीसाठी ठरलेल्या पाळ्यांनी, सोडायचं, हाच त्या धरणाचा धर्म. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात ते भरतं, पुढे रब्बीची आवर्तनं होतात, मग उन्हाळी, आणि मे उजाडेपर्यंत पाण्याची कड पार आत गेलेली असते.

खरं तर हे मुंबईकराला कळायला काहीच हरकत नाही. जून संपत आला की आपण रोज सकाळी तानसा, भातसा, मोडकसागर, वैतरणा यांची टक्केवारी बघतोच. पाणीकपात होणार की टळणार याची चर्चा लोकलमध्ये, जिन्यात, सगळीकडे चालते. पण सहल ठरवताना तो प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आला नव्हता. मे महिन्यात आईला घेऊन गेलो होतो. बोटीने रतनवाडीला जाऊन अमृतेश्वराचं दर्शन घ्यायचं, ही तिची कितीतरी वर्षांची इच्छा. बोट होती, बोटवाले मामाही होते. ते म्हणाले, "ताई, पाणी पार खाली गेलंय. रतनवाडीचं आता पावसाळा झाल्यावरच." समोर भेगाळलेली जमीन, तिच्यापलीकडे गाळ आणि त्याच्याही पलीकडे पाणी. रस्त्याने देवळात गेलो, दर्शन झालं. पण आई ज्या प्रवासासाठी आली होती तो झाला नाही, आणि तिच्या गुडघ्यांमुळे तो बेत पुन्हा जमवणं सोपं नाही. म्हणून ही यादी.

तर पाण्याची चौकशी कशी करायची ते नीट सांगते. "पाणी आहे ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर बाराही महिने "आहे की" असंच येतं, आणि ते खोटंही नसतं, कारण धरण पूर्ण कोरडं पडत नाही. विचारायचं ते असं: तंबूपासून पाण्यापर्यंत आत्ता किती चालावं लागतं? बोट रतनवाडीपर्यंत जाते की धरणाजवळच एक चक्कर मारून आणते? आवर्तन चालू आहे का? आणि शेवटी, आज सकाळचा फोटो पाठवा. जाहिरातीतले फोटो बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरचे असतात: हिरवे डोंगर, काठोकाठ पाणी. आजचा फोटो मागितला की राग कुणी मानत नाही. मानला तर दुसरीकडे फोन करा.

रतनवाडीचंच नाव पुन्हापुन्हा घेते आहे त्याला कारण आहे. गाव जलाशयाच्या वरच्या टोकाला, म्हणजे उथळ बाजूला आहे. धरण उतरायला लागलं की ती बाजू आधी उघडी पडते. भिंतीजवळ भरपूर पाणी दिसत असतं आणि तिकडे बोट लागतच नाही. त्यामुळे शेंडीतल्या, म्हणजे धरणाजवळच्या गावातल्या, माणसाने "पाणी मस्त आहे" म्हटलं तरी रतनवाडीचं वेगळं विचारा. आकड्यांवर विश्वास असेल तर नगरकडच्या वर्तमानपत्रांत भंडारदऱ्याचा साठा दलघफूमध्ये, म्हणजे दशलक्ष घनफुटांत, येत असतो. पूर्ण साठा ११,०३९ दलघफू, म्हणजे अकरा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) थोडं वर. तो आकडा लक्षात ठेवला की बातमीतल्या आकड्याचा अर्थ लागतो.

आत किती आहे याबरोबर बाहेर किती सोडताहेत हेही विचारायला हवं. रंधा धबधबा धरणाच्या खाली, प्रवरेवरच आहे. पावसाळा सोडला तर त्याला पाणी असणार की नाही हे धरणातून विसर्ग चालू आहे का यावर ठरतं. भिंतीजवळचा अंब्रेला फॉलही तसाच, पाणी सोडलं तरच दिसतो. सोडलेलं पाणी खाली निळवंडे धरणात जातं आणि तिथून पुढे. हिवाळ्यात आवर्तन चालू असताना गेलात तर भरलेलं तळं आणि वाहता रंधा दोन्ही मिळू शकतात. ते नशिबावर सोडू नका, एक फोन करा.

महिना कोणता धरायचा हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. पाऊस आणि धबधबे हवे असतील तर जुलै-ऑगस्ट. पण घाटघरकडे पाऊस असा कोसळतो की धुक्यात समोरचं तळं दिसत नाही, वाऱ्या-पावसात बोट सोडत नाहीत, आणि शनिवार-रविवारी इतक्या गाड्या येतात की शांततेचं नाव घेऊ नये. शांतता हवी असेल तर ऑक्टोबर ते जानेवारी, आणि तीही आठवड्याच्या मधल्या दिवशी. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे असतात, ते बघण्यासारखेच असतात, पण नेमका तोच काळ तळं सगळ्यात खाली असण्याचा. काजवे आणि बोट एकाच फेरीत उरकू असा बेत करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. काजव्यांसाठी गेलात तर झाडांवर टॉर्च, मोबाइलचा उजेड, गाडीचे दिवे मारू नका. त्यांच्या मीलनाचा तो काळ असतो, नर-मादी त्या चमकण्यावरच एकमेकांना शोधतात, आणि आपल्या उजेडात ते थांबतं. रात्री कुठपर्यंत जाता येतं याचे वनखात्याचे नियम त्या काळात वेगळे असतात, तेही विचारून घ्या.

जायचं कसं? गाडीने कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि घोटीहून उजवीकडे. तिथून शेंडी पस्तीसेक किलोमीटर. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत आल्याने कसारा घाट टाळून लांब बोगद्यातून थेट इगतपुरी गाठता येते. मात्र समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. बाइकवाल्यांनी जुना रस्ता धरावा. रेल्वेने जाणाऱ्यांनी कसारा लोकलपेक्षा इगतपुरीला थांबणारी एक्सप्रेस बघावी. कसाऱ्याहून पुढे जीपची वाट बघण्यात सकाळ जाते. घोटीला पेट्रोल भरा. घोटीलाच एटीएममधून रोख काढा, कारण आत मोबाइलची रेंज येते-जाते आणि स्कॅनर दाखवून उपयोग नसतो. वाटेत बारी गावापाशी कळसूबाई दिसेल. १,६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. चढायची हौस असेल तर तिला अख्खा दिवस द्या. तळ्याच्या सहलीत घुसवलंत तर दोन्हीकडचं काही पदरात पडत नाही.

सामानाचं काय सांगायचं. टॉर्च, औषधं, टोपी, हे तुम्हाला माहीत आहे. एक सांगते: डिसेंबर-जानेवारीत पाण्याकाठी रात्री कडक थंडी पडते. ती आपली मुंबईची थंडी नव्हे. म्हाताऱ्या माणसांना कानटोपी, मोजे, जाड शाल हवीच. तंबूवाले पांघरूण देतात, पण ते पुरेल असं समजू नका. पायात घसरणार नाही अशी चप्पल किंवा बूट. डॉक्टर लागलाच तर राजूर किंवा घोटी गाठावं लागतं, तेव्हा नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या ठेवा.

जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. घरगुती स्वयंपाक असतो, माणसं मोजून होतो. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, गावठी कोंबडी. जे घरात आहे ते मागा, पनीरचा आग्रह धरू नका. रात्री नऊनंतर पोहोचून ताट मागणं म्हणजे त्या घरातल्या बाईला पुन्हा चूल पेटवायला लावणं. उशीर होणार असेल तर रेंज आहे तोवर, घोटीतूनच कळवा.

आता काठावरची गोष्ट, आणि इथे कुणाशी वाद घालायची माझी तयारी नाही. पाण्यात उतरायचं नाही. पोहता येत असलं तरी नाही. काठापासून दोन पावलांवर खोली किती ते वरून कळत नाही, जीवरक्षक नसतात आणि मदत यायला वेळ लागतो. पाणी उतरलेलं असेल तेव्हा धोका वेगळा. उघड्या पडलेल्या जमिनीवर वरचा थर वाळून घट्ट दिसतो, खाली गाळ ओला असतो, पाय रुततो. मुलं पाणी बघून पळत सुटतात, त्यांचा हात धरा. हे सगळं पुन्हा त्याच प्रश्नापाशी येतं: पाणी किती आहे, कड कुठे आहे. वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर तंबूपासून पाण्यापर्यंतची वाट सपाट आहे की दगडगोट्यांची, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय निघायचं नाही, आईलाही, तिने कितीही "मला काय होतंय" म्हटलं तरी.

परिसराचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे प्रवेश शुल्क असतं, दारू आणि स्पीकर चालत नाहीत, आणि प्लॅस्टिक परत आणायचं. गावं बहुतेक महादेव कोळी समाजाची. लोकांचे, घरांचे फोटो विचारून काढा.

बघायचं काय ते थोडक्यात. अमृतेश्वर आणि शेजारची पुष्करणी सकाळी लवकर, बोट नसेल तर रस्त्याने वीसेक किलोमीटर. घाटघरचा कडा संध्याकाळी, खाली कोकण दिसतं. साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात अजिबात नाही, वरून पाणी आलं तर बाहेर पडायला जागा उरत नाही. एरवी गावातला वाटाड्या घेऊनच. रतनगड जमला तर, नाही तर राहू द्या.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एक फोन करा. बुकिंग केलं तेव्हाचं पाणी आणि आजचं पाणी यांत मधल्या आवर्तनाने फरक पडलेला असतो. बोट जाते ना, रतनवाडीपर्यंत जाते ना, एवढंच विचारा. जात नसेल आणि बरोबरच्या माणसाला तेच हवं असेल, तर तारीख पुढे ढकला. आगाऊ भरलेले पैसे गेले तरी ढकला.

परतीचं फार काही नाही. रविवारी जेवून लगेच निघा, पडघ्यापासून माजिवड्यापर्यंत संध्याकाळी गाडी हलत नाही. ओले कपडे वेगळ्या पिशवीत. बोटवाल्यांचा नंबर आडनावासकट वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी थेट त्यांनाच फोन लावता येतो.